फाळक्यांच्या कारखान्यात

'राजा हरिश्चंद्र'ची तयारी चालू असताना दादासाहेब फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते की, कोणी काय काम करता म्हणून विचारले, तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहोत असे सांगा. सिनेमात काम करणे तेव्हा घराण्याला कमीपणा आणणारे वाटे. कारखान्यातली नोकरी म्हटले की लोक पुढे विचारत नसत. उत्तर सोयीसाठी दिलेले असले तरी ते खरेही होते. कथा लिहिणे, कोऱ्या फितीला भोके पाडणे, चित्रण, धुलाई, छपाई, जोडणी, जाहिरात ही सगळी कामे एकाच छपराखाली आणि बहुतेक एकाच माणसाच्या हातांनी चालत. पहिला चित्रपट मुंबईत दादरला झाला. त्यानंतर फाळक्यांनी हा कारखाना नाशिकला हलवला.

कुणाच्या पगारावर नसलेला, आपली गोष्ट आपणच लिहून आपणच चित्रित करणारा दिग्दर्शक कसा जगतो, कशावर तरतो आणि कुठे अडतो, हे समजून घ्यायचे तर या कारखान्यातून एक चित्रपट कसा बाहेर पडे ते टप्प्याटप्प्याने पाहावे. आज कॅमेरे बदलले, फीत गेली. अडचणींच्या जागा मात्र बऱ्याचशा त्याच आहेत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला, म्हणजे नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. विल्सन कॉलेजात त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईला आले. धुंडिराज १८८५ साली जे. जे. कलाशाळेत गेले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, चित्रकला, साचेकाम, रंगभूमीचे पडदे, जादूचे प्रयोग असे जे हाताशी आले ते त्यांनी शिकून घेतले. गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली. लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्याशी संबंध आला, मग स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाईचे तंत्र पाहायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटले नाही तेव्हा त्यातूनही बाहेर पडले. तोवर चाळिशी आली होती.

व्यवहाराच्या नजरेने पाहिले तर ही सगळी धरसोड वाटते. चित्रपटाच्या बाजूने पाहिले की त्यातले एकही वर्ष वाया गेलेले दिसत नाही. छायाचित्रणातून उजेड आणि रसायने कळली. छापखान्यातून हे कळले की एक मूळ प्रत नीट केली की तिच्या हव्या तितक्या नकला निघतात आणि कमाई नकलांत असते. रविवर्म्याच्या चित्रांतून देवादिकांचे चेहरे, उभे राहण्याची ढब, दागिने लोकांच्या मनात कसे ठसले आहेत ते कळले. जादूचे प्रयोग तर थेट पडद्यावर आले. गिरगावात एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि तिथे राम-कृष्ण दिसू लागले असे त्यांनी पुढे लिहिले. ती ओढ खरीच होती, पण तिच्यामागे वीस-पंचवीस वर्षांची हातकामे उभी होती.

आता भांडवल. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढले आणि १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तिथे ओळखीचे कोणी नव्हते. 'बायोस्कोप' नावाच्या चित्रपट साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते, तेवढ्या आधारावर ते त्याच्या कचेरीत गेले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या वॉल्टन इथल्या स्टुडिओत नेले. तिथे काम कसे चालते ते पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आणि कोडॅकची कोरी फीत व भोके पाडण्याचे यंत्र मागवून फाळके परतले.

पण कॅमेरा म्हणजे चित्रपट नव्हे, आणि चित्रपटाला लागणारा पैसा मिळेना. ज्याने भारतीय माणसाने केलेला चित्रपट कधी पाहिलाच नाही, तो पैसे कशावर लावणार? यावर फाळक्यांनी जे केले ते आजच्या प्रत्येक नव्या दिग्दर्शकाने अभ्यासावे असे आहे. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्यांनी समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत सुमारे महिनाभर चित्रण केले. पडद्यावर रोप भराभर मातीतून वर आले, पाने फुटली, वेल चढली. ही छोटीशी फीत त्यांनी ओळखीच्यांना आणि सावकारांना दाखवली. छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. आज कोणी आठ-दहा मिनिटांचा लघुपट करून तो निर्मात्यांना दाखवतो, तेव्हा तो हेच करत असतो: शब्दांवर विश्वास न बसणाऱ्याला पडद्यावरचा पुरावा देणे.

पैसा आला की गोष्ट. माझ्या मते फाळक्यांचे पटकथाकार म्हणून श्रेय फार कमी मानले जाते. मूकपटात पात्राला बोलता येत नाही. मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येतात, तेवढेच शब्द. त्यात प्रेक्षकांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांची भाषा गावोगाव वेगळी. अशा वेळी चार रिळांत कोणती गोष्ट सांगता येईल? जी प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे ती. डोंबाच्या दारी राबणारा हरिश्चंद्र, यमाच्या मागे चालणारी सावित्री, जळते शेपूट घेऊन उडणारा हनुमान. पात्रांची ओळख करून द्यावी लागत नाही, नाते समजावून सांगावे लागत नाही. थेट प्रसंगावर जाता येते. आणि पाट्या बदलल्या की तीच फीत दुसऱ्या प्रांतात चालते. 'राजा हरिश्चंद्र'च्या पाट्या एकाहून अधिक भाषांत होत्या.

म्हणून पौराणिक विषयांची निवड ही नुसती श्रद्धेची गोष्ट नव्हती. श्रद्धा होतीच, पण मूकपटाच्या मर्यादा ओळखून केलेली ती लेखकाची निवड होती. फाळक्यांच्या पटकथेत संवाद नाहीत, प्रसंगांची साखळी आहे: कोण कुठून आत येतो, कुठे थांबतो, काय चमत्कार होतो, किती फुटांत होतो. फुटांत, कारण लांबी म्हणजेच खर्च. पस्तीस मिलिमीटरच्या एका फूट फितीत सोळा चौकटी बसतात, आणि मूकपटाच्या काळचा साधारण वेग सेकंदाला सोळा चौकटी होता. म्हणजे एक फूट हा एक सेकंद. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. कागदावर एक ओळ जास्त लिहिली की किती फीत लागणार, हे लेखकाला तिथल्या तिथे मोजता येई, आणि फीत घ्यायची तर पैसे लेखकाच्याच खिशातून जाणार असत.

आता भोकांकडे येऊ. हा भाग सहसा एका ओळीत सांगून संपवतात; मला तो कारखान्याचा गाभा वाटतो.

चित्रपटाच्या फितीला दोन्ही कडांना भोके असतात, प्रत्येक चौकटीमागे एका कडेला चार. कॅमेऱ्यातली आणि पुढे प्रक्षेपकातली नखे किंवा दाते या भोकांत अडकून फीत एक चौकट पुढे ओढतात, क्षणभर थांबवतात, पुन्हा ओढतात. भोकांमधले अंतर केसभर जरी चुकले तरी पडद्यावर चित्र थरथरते. जास्त चुकले तर फीत फाटते. फाळके कोरी, बिनभोकांची फीत मागवत आणि भोके घरी पाडत. आता हिशेब करू. एका फुटाला एका कडेची चौसष्ट भोके, दोन्ही कडांची एकशे अठ्ठावीस. ३,७०० फुटांना चार लाख त्र्याहत्तर हजारांवर. ही झाली पडद्यावर दिसणाऱ्या एका प्रतीची भोके. निगेटिव्ह वेगळी, चित्रण करून वगळलेला भाग वेगळा. हे सगळे अंधारात करायचे, कारण उजेड लागला की फीत गेली.

हे काम सरस्वतीबाई करत. भोके पाडणे, कॅमेऱ्यात फीत भरणे, रसायने कालवणे आणि फीत धुणे त्या शिकल्या. दिवसा चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर परतवण्यासाठी पांढरी चादर ताणून त्या उभ्या राहत, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. रात्री पुन्हा भोके. भारतीय चित्रपटाच्या इतिहासातली पहिली तंत्रज्ञ कोण, असा प्रश्न कुणी विचारला तर माझे उत्तर तयार आहे, आणि ते मी आदराने, पूर्ण विचार करून देतो: सरस्वतीबाई फाळके. पाट्यांवर त्यांचे नाव यायला हवे होते.

कॅमेऱ्याला मोटर नव्हती. चालवणारा दांडा फिरवी. एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे. हात दमला की वेग उतरे आणि पडद्यावर माणसे धावू लागत, हात घाईला आला की उलटे होई. पहिल्या चित्रपटाला हे काम फाळक्यांनी त्र्यंबक तेलंग यांना शिकवले. विजेचे दिवे नव्हते, सूर्य हाच दिवा. म्हणून राजवाड्याचे दालनसुद्धा वर उघडे ठेवून उन्हात उभारायचे. त्या काळची फीत लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल ते काळे दिसे, निळे ते पांढरे. आकाश कोरे येई, कुंकू काळे पडे. त्यामुळे चेहऱ्याची रंगरंगोटी आणि पडद्यांचे रंग डोळ्यांना काय दिसते त्यावर न ठरवता फितीला काय दिसेल त्यावर ठरवावे लागत. इथे बडोद्याचे शिक्षण कामी आले.

नाशिक का, हे इथे कळते. सूर्यावर आणि खऱ्या जागांवर चालणाऱ्या चित्रपटाला जे लागते ते इथे चालत जाता येईल इतक्या अंतरात आहे: गोदावरीचे घाट, दगडी देवळे, वाडे, झाडी, आणि गावाबाहेर पडले की डोंगर. रामकथेची भूमी म्हणून पंचवटीला वेगळे नेपथ्य लावावे लागत नाही. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' नाशिकचे. मुंबईत जागेचे भाडे मोजत बसण्यापेक्षा माणसे एकत्र ठेवून, एकाच आवारात राहून काम करणे इथे परवडे. स्वतंत्र निर्मात्याचा सगळ्यात मोठा खर्च वाया जाणाऱ्या दिवसांचा असतो. माणसे आवारातच असली की ऊन पडले रे पडले, काम सुरू करता येते.

नटांची गोष्ट अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात. तारामतीसाठी जाहिराती देऊनही स्त्री मिळाली नाही. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकघरात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रेय दामोदर दाबके हरिश्चंद्र, आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाल्या. भारतीय पडद्यावर स्त्रीने काम करण्याची सुरुवात तिथे झाली. 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले, आणि पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला. कारखान्यात एक माणूस एकाच कामाला बांधलेला नसे.

चमत्कार दाखवण्याच्या मुख्य युक्त्या दोन. पहिली थांबण्याची: कॅमेरा चालू असताना सगळ्यांनी जागच्या जागी थिजायचे, दांडा थांबवायचा, एक पात्र बाहेर काढायचे, दांडा पुन्हा सुरू. पडद्यावर ते पात्र अदृश्य होते. कॅमेरा तसूभर हलला किंवा उरलेल्यांपैकी कुणी हात खाली घेतला की फसवणूक उघडी पडते. दुसरी युक्ती दुहेरी चित्रणाची. आधी एक प्रसंग घ्यायचा, त्यात जिथे दुसरे चित्र यायचे ती जागा काळी ठेवायची. मग भिंगावर झाकण ठेवून दांड्याचे फेरे मोजत फीत मागे घ्यायची आणि त्याच फितीवर दुसरा प्रसंग, काळ्या पडद्यापुढे, पुन्हा चित्रित करायचा. कुठे काय येणार हे भिंगातून दिसत नाही. मोजलेले फेरे आणि वहीतली नोंद यांवरच सगळी मदार. चुकले तर दोन्ही चित्रणे वाया, आणि चुकले हे कळणार फीत धुतल्यावर.

धुलाई रात्री. लाकडी चौकटींवर फीत गुंडाळायची, लाल दिव्यात रसायनाच्या टाक्यांत बुडवायची, धुवायची, वाळवायची. निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह छापायची, तिलाही पुन्हा तेच. मग तुकडे जुळवून पाट्या मधे घालायच्या. हे सारे कसे चालते ते फाळक्यांनी स्वतःच एका लघुपटात दाखवले आहे. १९१७च्या सुमाराचा तो लघुपट चित्रपट कसे तयार होतात याच विषयावर आहे. त्याचे काही भाग शिल्लक आहेत. त्यात फाळके नटांना समजावताना दिसतात आणि फीत हातात घेऊन उजेडात निरखताना दिसतात. आपली विद्या झाकून न ठेवता लोकांपुढे उघडी करणारा हा माणूस होता. 'नवयुग' मासिकातल्या लेखमालेत त्यांनी हेच लिहून मांडले.

चित्रपट तयार झाला तरी पडदा मिळवायचा असतो. 'राजा हरिश्चंद्र'चा खास खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात झाला आणि ३ मे रोजी तो गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. पुढे 'लंकादहन'ला इतकी गर्दी झाली की तिकिटांच्या नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या, असे त्या वेळचे लोक सांगत. हे यश स्वतंत्र माणसाचे होते. चित्रपटावर तेव्हा सरकारी परीक्षकांची मंडळेही बसलेली नव्हती. कायदा १९१८ साली आला आणि मुंबई, कलकत्ता, मद्रासची मंडळे १९२० साली.

मग हा माणूस पैशाला कायम मोताद का राहिला? कारण प्रत्येक चित्रपटाची कमाई पुढच्या चित्रपटात आणि जुन्या कर्जात जाई. गंगाजळी साठत नव्हती. १९१४ साली आपले तीन चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांच्या तंत्राचे कौतुक झाले, हेपवर्थ यांनी इंग्लंडमध्ये राहून काम करण्याबद्दल विचारले. फाळक्यांनी नकार दिला. आपला धंदा आपल्या देशात उभा राहावा, हे त्यांचे उद्दिष्ट होते. ते परतले आणि महायुद्ध पेटले. भांडवल देऊ म्हणणारे मागे सरले, आणि परदेशातून येणारी कोरी फीतही अडली.

'लंकादहन'नंतर भांडवलदार आपणहून पुढे आले. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली, नाशिकलाच. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट वगैरे भागीदारांचा पैसा, फाळक्यांचे काम. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' हे तिथले मोठे चित्रपट. दोन्हींत कृष्ण झाली ती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी.

इथे त्यांच्या कारकिर्दीला बाक येतो. भागीदारांना खर्चाचा हिशेब आणि वेळेची हमी हवी होती. ही मागणी गैर नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवतो. पण फाळक्यांची पद्धत चुकले तर पुन्हा करण्याची होती, आणि तीच त्यांच्या चित्रपटांची ताकद होती. एकट्याच्या कर्जावर पुन्हा करण्याचा निर्णय एकट्याचा असतो. भागीदारीत त्यासाठी परवानगी लागते. मतभेद वाढले, फाळके बाहेर पडले आणि कुटुंब घेऊन काशीला गेले. तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ साली ते कंपनीत परत आले आणि पुढची काही वर्षे चित्रपट काढत राहिले, पण आता ते कंपनीतले एक होते. १९२७-२८ साली सरकारने नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीपुढे साक्ष देताना त्यांनी सुरुवातीच्या दिवसांबद्दल सांगितले ते असे: अभिनय शिकवणे, लिहिणे, चित्रण आणि प्रक्षेपणसुद्धा आपल्यालाच करावे लागले, कारण देशात कोणालाच काही ठाऊक नव्हते. दीड दशकात ते जाणणारे शेकडो लोक तयार झाले होते, त्यातले कितीतरी याच कंपनीच्या आवारातून.

मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' हा बोलपट आला आणि पडदा बोलू लागला. पाट्या, हावभाव, ओळखीची पुराणकथा, उघड्या छपराखालचा उजेड, ज्या ज्या गोष्टींवर फाळक्यांची पटकथा उभी होती त्यांची गरज एकदम बदलली. त्यांचा 'सेतुबंधन' मूक म्हणून तयार झाला आणि मागाहून त्यावर आवाज चढवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ साली केलेला 'गंगावतरण' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने कोऱ्या फितीवर नियंत्रण आणले आणि चित्रपट काढायला परवाना लागू लागला. सत्तरी ओलांडलेल्या फाळक्यांना अजून एक चित्रपट करायचा होता. परवाना मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.

आज नाशिकच्या एखाद्या मुलीला चित्रपट करायचा असेल तर फितीची अडचण तिला येणार नाही. चित्रण कार्डावर होते, जोडणी घरच्या संगणकावर होते, पुन्हा करून पाहायला फुटाचा भाव मोजावा लागत नाही. भांडवल आणि पडदा हे दोन प्रश्न मात्र जसेच्या तसे आहेत. 'ख्वाडा' या चित्रपटासाठी दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवण्याचेच ते शंभर वर्षांनंतरचे रूप.

अशा मुलीने आणि खरे तर कोणीही फाळक्यांचे शिल्लक चित्रपट पाहावेत. ते फार थोडे आहेत, कारण तेव्हाची फीत नायट्रेटची, सहज पेट घेणारी आणि आपोआप कुजणारी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाच्या मदतीने जे हाती लागले ते जपले. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे आहेत. ती १९१३ची की १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सुरुवात मी 'कालिया मर्दन'पासून करायला सांगेन, कारण तो बराचसा टिकला आहे. त्याच्या आरंभी मंदाकिनी आपल्या साध्या रूपात कॅमेऱ्याकडे पाहत एकामागून एक भाव दाखवते आणि मग कृष्णाच्या वेषात येते. एकदा सरळ पाहा. दुसऱ्यांदा पाहताना कालियाशी झुंजीचा प्रसंग थांबवत थांबवत पाहा, आणि कॅमेरा कुठे थांबवला असेल, फीत कुठे मागे घेतली असेल, ते एका कागदावर लिहीत जा.